भाजीच्या कॅलरी मोजूनही वजन हलत नाही: तेलाच्या बिलापासून वजनकाट्यापर्यंतची तपासणी

ताटात भाजी वाढवली, पोळ्या चारच्या दोन केल्या, ॲपमध्ये रोज नोंद होते, दिवसाचा आकडा १४०० च्या आत राहतो आणि वजन तिथल्या तिथेच. ही तक्रार पुन्हा पुन्हा येते आणि कारणही बहुतेक वेळा तेच निघतं. भाजीची नोंद होते, पण तिच्याबरोबर कढईत पडलेल्या तेलाची, कुटाची, खोबऱ्याची होत नाही. तरीही कुणालाही सरसकट ‘तेल बंद करा’ सांगणं बरोबर नाही, कारण बाहेरून अशीच दिसणारी दुसरी कारणंही असतात. म्हणून खालचा क्रम धरून चाला. फुकटच्या, पाच मिनिटांच्या तपासण्या आधी, स्वयंपाकघरातला काटा विकत घेऊन करायच्या नंतर, आणि कुठे थांबून डॉक्टरांकडे जायचं ते शेवटी.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, किडनीचा आजार, रक्त पातळ करण्याचं औषध, गरोदरपण, अंगावर पाजणं किंवा अठराच्या आतलं वय, यांपैकी काही असेल तर शेवटचा भाग आधी वाचा.

लक्षणं

– नोंदीप्रमाणे रोज ३००–४०० कॅलरी कमी खाल्ल्या जात आहेत, तरी तीन-चार आठवडे वजन आणि कंबर दोन्ही जैसे थे.
– पहिल्या दहा-बारा दिवसांत दीड-दोन किलो उतरले, मग एकदम थांबलं. (पहिल्या घटीत पाण्याचा वाटा बराच असतो.)
– ‘भेंडीची भाजी, १ वाटी’ शोधलं की ॲपमध्ये ५० पासून २०० पर्यंत आकडे दिसतात आणि नोंद नेहमी खालच्या आकड्याची होते.
– भाजी खाऊन झाल्यावर ताटलीला तेलाचा तवंग राहतो, डब्याच्या तळाशी पिवळं तेल साचतं.
– ‘मी तर नुसती भाजीच खाते’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या आठवड्यात बटाटा, सुरण, मटार आणि उसळ मिळून चार-पाच वेळा येतात.
– याच्या अगदी उलट प्रकार: कॅलरी वाचवायच्या म्हणून भाजीच कमी केली आहे. पोट साफ होत नाही, दुपारी चार वाजता कडकडून भूक लागते, रात्री फरसाणाचा डबा उघडला जातो.

बिघाड होतो कुठे

पाणीदार भाज्यांत कॅलरी फारच कमी असतात. निवडलेल्या, कच्च्या १०० ग्रॅममागे दुधी, दोडका, काकडी साधारण १२ ते २०. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, वांगी, पालक १८ ते ३०. भेंडी ३० च्या आसपास. कांदा, गाजर, बीट ३५ ते ४५. आणि तेल? शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, ऑलिव्ह, घाणीचं किंवा रिफाइंड, कोणतंही घ्या, १०० ग्रॅमला ९००. पाव किलो दोडक्यात जेवढ्या कॅलरी आहेत, तेवढ्या ५ मिलीच्या एका लहान चमच्यातल्या तेलात असतात.

म्हणून दोन चुकांची किंमत सारखी नाही. दिवसाला ४०० ग्रॅम भाजी खाल्ली आणि तिचं वजन २० टक्के चुकलं, तर फरक पडतो २०–२५ कॅलरींचा. दोन्ही जेवणांत मिळून पाच चमचे तेल नोंदीतून सुटलं तर फरक २०० चा. वजन उतरवण्यासाठी ठेवलेली तूट (खर्चापेक्षा जेवढ्या कॅलरी कमी खायच्या त्या) मुळात ३०० ते ५०० ची असते, तिच्यातला निम्मा भाग इथेच संपतो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. रोजचे २०० सुटले की महिन्याचे ६००० होतात, म्हणजे जवळजवळ पाऊण किलोची घट कागदावरच राहते.

यातून निघणारा निर्णय असा: पालेभाज्या आणि पाणीदार भाज्या ग्रॅमागणिक मोजत बसू नका. कच्च्या १०० ग्रॅमला सरसकट ३० धरा आणि सोडून द्या. वेळ आणि मेहनत तेल, दाणे, खोबरं आणि कंद मोजण्यावर घालवा. मेथीची जुडी तोलून आणि तेल अंदाजाने ओतून केलेली नोंद दिसते काटेकोर, पण तिचा उपयोग काही नाही.

पहिली तपासणी: वजन खरंच अडकलं आहे का

खर्च शून्य. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर, त्याच टणक फरशीवर रोज वजन करा. सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीशी सरासरी ताडून पाहा. एका दिवसाचा आकडा फसवतो. आदल्या रात्री लोणचं-पापड किंवा हॉटेलातलं खारट जेवण झालं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, यांतल्या कशानेही एक-दीड किलोचा फरक दिसतो आणि तो पाण्याचा असतो. भाज्या अचानक वाढवल्या की आतड्यात तंतू आणि पाणी जास्त राहतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात काटा थोडा वर जाऊ शकतो. ती चरबी नव्हे.

ओळीने तीन साप्ताहिक सरासऱ्या सारख्या आल्या, तर अडकलं आहे असं माना. नाहीतर इथेच थांबा. जे चाललं आहे ते बरोबर आहे.

दुसरी तपासणी: किराण्याचं बिल

सगळ्यात कमी कष्टाची आणि सगळ्यात जास्त सांगणारी तपासणी हीच. महिन्याला घरात किती तेल येतं ते पाहा आणि घरात रोज जेवणाऱ्या माणसांनी भागा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, पिशवीवर तसं छापलेलंही असतं. म्हणजे माणशी महिन्याला एक लिटर तेल म्हणजे रोज ३० ग्रॅम, रोज २७० कॅलरी. अर्धा लिटर म्हणजे १५ ग्रॅम, सुमारे १३५ कॅलरी. डबा आणत असाल तर १५ किलोचा डबा किती दिवस पुरतो ते आठवा. पाच माणसांना तीन महिने पुरला तर माणशी रोज ३३ ग्रॅम होतात.

या आकड्यात भाजीची फोडणी, पोळीच्या कणकेतलं मोहन, वर लावलेलं तेल, तळण, सगळं येतं. साजूक तूप, लोणी आणि बाहेरचं खाणं येत नाही, ते वेगळं धरायचं. सणाच्या महिन्याचं बिल घेऊ नका, आणि टाकून दिलेलं तळणीचं तेल वजा करा.

आता ॲपमधल्या तुमच्या नोंदीत रोज किती तेल दिसतं ते बघा. नोंदीत ८ ग्रॅम आणि बिलात ३२ ग्रॅम असेल, तर शोध जवळजवळ इथेच संपला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या दिवसाच्या २००० कॅलरींच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. १४००–१५०० कॅलरींवर असणाऱ्याने १५ ते २० ग्रॅममध्ये बसवावं. शून्यावर आणू नका. पालेभाज्या आणि गाजरातलं कॅरोटिन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) अंगी लागायला ताटात थोडी स्निग्धता लागतेच.

तिसरी तपासणी: ॲपमधल्या नोंदी

इथेही खर्च नाही, फक्त लक्ष लागतं. चार ठिकाणी घोटाळा होतो.

कच्ची की शिजलेली. ‘पालक, १०० ग्रॅम, २३’ ही नोंद कच्च्या पालकाची असते. एक कप कच्च्या पालकात ७ कॅलरी, तर एक कप शिजवलेल्यात ४१, कारण पानं आक्रसून कपात सहापट माल मावतो. दोन्ही आकडे बरोबर, पण एकाच्या जागी दुसरा वापरला की नोंद चुकते. नियम सोपा ठेवा: वजन नेहमी निवडून, चिरण्याआधी कच्चं करायचं आणि नोंद कच्च्याची शोधायची.

कप म्हणजे वाटी नव्हे. ॲपमधला कप बहुधा २४० मिलीचा असतो. आपल्याकडची जेवणातली वाटी १०० पासून २०० मिलीपर्यंत काहीही निघते. अमेरिकेत राहून अमेरिकन ॲप वापरणाऱ्या मराठी घरांत हा गोंधळ रोजचा आहे.

किलोज्यूल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत ऊर्जा कॅलरीत नाही, किलोज्यूल या दुसऱ्या एककात दिली आहे. तिथे पालकासमोर शंभराच्या आसपास आकडा पाहून घाबरू नका. ४.१८ ने भागा, म्हणजे २४–२५ कॅलरी मिळतात. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या पाकिटांवरही किलोज्यूलच असतात.

मोड आलेली कडधान्यं. ही चूक मोठी आहे आणि क्वचितच कुणाच्या लक्षात येते. परदेशी माहितीसाठ्यांत ‘मुगाचे मोड, १०० ग्रॅम, ३० कॅलरी’ अशी नोंद सापडते. ते मोड बोटभर लांब, पांढरे, पाणी भरलेले असतात. आपण फडक्यात बांधून काढतो त्या मुगाला किंवा मटकीला जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटरचा मोड असतो आणि त्याचं वजन कोरड्या दाण्याच्या दुपटीहून थोडंच जास्त भरतं. म्हणजे १०० ग्रॅमला साधारण १४०–१५०, जवळजवळ पाचपट. कडधान्य भिजवण्याआधी कोरडंच तोला: ५० ग्रॅम कोरड्या मटकीला १६५ ते १७० धरा आणि मोडांच्या नोंदीच्या वाटेला जाऊ नका.

चौथी तपासणी: पळी आणि वाटी

‘दोन पळ्या तेल’ म्हणजे किती, हे पळी पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मिलीच्या खुणांचं टोपण येतं ते धुऊन घ्या. फोडणीच्या पळीत पाणी काठोकाठ भरा आणि टोपणात ओता. १०, १५, २५, काय भरेल ते एका चिठ्ठीवर लिहून तेलाच्या किटलीला चिकटवा. पळी दर वेळी सपाट भरत नाही, किटलीची धार सैल सुटते, म्हणून प्रत्यक्ष ओतलेलं तेल या मापापेक्षा थोडं जास्तच असतं.

जेवणाची वाटीही अशीच मोजा. घरात तीन आकाराच्या वाट्या असतील तर आपली एक ठरवून वेगळी ठेवा.

पाचवी तपासणी: ताटातली कोणती भाजी खरंच हलकी आहे

बटाटा ७०–७७, मटार ८० च्या आसपास, मक्याचे दाणे ८५ हून जास्त, सुरण, अळकुड्या, रताळी आणि कच्ची केळी साधारण ८० ते १२०, सगळे १०० ग्रॅमला. वाईट यांतलं काहीच नाही, पण हिशेबात यांची जागा पोळीभाताच्या बाजूला आहे. दीडशे ग्रॅमचा एक उकडलेला बटाटा म्हणजे ३० ग्रॅम कणकेच्या, तेल न लावलेल्या एका पोळीहून थोडा जास्त. बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी एक पोळी कमी घ्या आणि सोबत काकडी किंवा कोबीची कोशिंबीर मोठी वाढा. फ्लॉवर-बटाटा-मटार अशा मिश्र भाजीत कढईतला निम्मा माल बटाटा-मटारचा असतो, तिथे ३० चा सरसकट दर लावू नका.

लाल भोपळा गोड लागतो म्हणून त्याला घाबरणारे बरेच आहेत. त्याची गरज नाही, तो दुधीच्याच पंगतीतला. पडवळ, तोंडली, कारली, घोसाळी हीही.

सहावी तपासणी: कूट, खोबरं, पीठ

मराठी स्वयंपाकात तेलाच्या खालोखाल हिशेब बिघडतो तो इथे. शेंगदाण्याचं कूट १०० ग्रॅमला ५६५–५७०, सुकं खोबरं ६६०, ओलं खोबरं ३५० च्या वर, तीळ ५७०, बेसन ३८५–३९०. चार जणांच्या भरल्या वांग्यांचा हिशेब मांडून पाहू:

वांगी ५०० ग्रॅम: १२५
कांदा १०० ग्रॅम: ४०
कूट ८० ग्रॅम: ४५४
सुकं खोबरं २५ ग्रॅम: १६५
तीळ १० ग्रॅम: ५७
गूळ १५ ग्रॅम: ५७
तेल ५० ग्रॅम: ४५०

एकूण सुमारे १३५०, माणशी ३३७. त्यात वांग्यांचा वाटा दहा टक्क्यांहून कमी. ॲपमध्ये ‘वांगी, १२५ ग्रॅम’ अशी नोंद केली तर ३१ दिसतात. एकाच जेवणात तीनशेची तफावत, आणि भाजी तर बाजारातून आणलेली ताजी, घरी केलेली, साखर-मैद्याचा मागमूस नसलेली. चांगलं अन्न आणि कमी कॅलरींचं अन्न या वेगळ्या गोष्टी आहेत. भरली वांगी पहिल्या प्रकारात नक्की बसतात.

उपाय म्हणजे वांगी सोडणं नव्हे. कूट ८० वरून ४० वर आणा, उरलेला दाटपणा भाजलेल्या कांद्याच्या वाटणातून घ्या, तेल २० ग्रॅम करा, खोबरं १०. एकूण ७५० च्या आसपास येतं, माणशी १८८ च्या आसपास. चव थोडी बदलते, पण वांगी बेचव होत नाहीत.

पीठ पेरलेल्या भाज्या (सिमला मिरची, कांद्याची पात, मेथी) दोन्हीकडून जड होतात: बेसनाच्या स्वतःच्या कॅलरी असतातच, शिवाय ते कोरडं लागू नये म्हणून तेल सढळ पडतं. अळूच्या फदफद्यात चण्याची डाळ आणि दाणे असतात, तेही कोरडे तोलून धरा. कोशिंबिरीत काकडीचं काही मोजू नका. दही, कूट आणि वरची फोडणी तेवढी मोजा.

सातवी तपासणी: स्वयंपाकघरातला काटा

वरच्या सहा तपासण्यांनंतरही पत्ता लागला नाही, तरच काट्यावर पैसे घालवा. ५ किलोपर्यंत तोलणारा, १ ग्रॅमच्या भागांचा, भांड्याचं वजन शून्य करणारा साधा डिजिटल काटा पुरतो. आणल्यावर एक किलो मिठाची न फोडलेली पिशवी ठेवून पाहा. पिशवीच्या प्लॅस्टिकमुळे चार-पाच ग्रॅम जास्त दाखवेल, तेवढं चालतं. पन्नास ग्रॅमचा फरक आला तर सेल बदला, सपाट ओट्यावर ठेवा, तरीही तोच फरक राहिला तर काटा परत करा.

तेल तोलण्याची रीत: चमच्यात घेऊन तोलू नका. अगदी लहान वजनाला स्वस्त काटे चुकतात आणि थोडं तेल चमच्यालाच चिकटून राहतं. भरलेली तेलाची किटली काट्यावर ठेवा आणि शून्य करा. उचला, फोडणीला ओता, परत ठेवा. काटा उणे २३ दाखवेल. कढईत २३ ग्रॅम तेल गेलं, म्हणजे २०७ कॅलरी. नंतर कुणी भाजी लागते आहे म्हणून वरून सोडलेली धारही याच हिशेबात यायला हवी, म्हणून स्वयंपाक पूर्ण होईपर्यंत काटा बंद करू नका. तो आपोआप बंद होणारा असेल तर किटलीचं आधीचं पूर्ण वजन लिहून ठेवा.

तळलेल्या किंवा परतलेल्या प्रकारांत (वांग्याचे काप, कुरकुरी भेंडी, कारल्याच्या चकत्या) आधीचं तेल आणि नंतर कढईत उरलेलं गार तेल दोन्ही तोला. मधला फरक पोटात गेला. वांगं यात सगळ्यांत पुढे आहे, ते स्पंजासारखं तेल ओढतं. काप तेलात सोडण्याऐवजी तव्यावर ठेवून वरून कुंचल्याने तेल लावलं तर बराच फरक पडतो.

आता वाटणी. समजा निवडलेली भेंडी ४५० ग्रॅम (१३५), कांदा १०० (४०), तेल ४५ (४०५), कूट ३० (१७०). एकूण ७५०. भाजी शिजताना पाणी उडतं, त्यामुळे तयार भाजी ६२५ ग्रॅम न भरता ४८० च्या आसपास भरते. ७५० भागिले ४८० म्हणजे ग्रॅमला १.५६. तुम्ही १२० ग्रॅम वाढून घेतली तर १८७ कॅलरी. रिकाम्या कढईचं वजन एकदाच करून लिहून ठेवा, म्हणजे भाजी दुसऱ्या भांड्यात काढावी लागत नाही. फक्त तापलेली कढई थेट काट्यावर ठेवू नका, काट्याचा आकडा सरकतो आणि प्लॅस्टिकची तबकडी वितळते. खाली जाड फडकं ठेवा आणि आधी त्याचं वजन शून्य करा.

रश्श्याच्या भाजीत अशी सरळ वाटणी चालत नाही, कारण तेल वर तरंगतं. वरची तर्री घेणाऱ्याच्या वाटीत तेल जास्त, तळातून ढवळून घेणाऱ्याच्या वाटीत कमी. आपली वाटी भरण्याआधी तर्री डावाने बाजूला करा.

हे रोज, आयुष्यभर करायचं नाही. घरात आलटून पालटून होणाऱ्या दहा-बारा भाज्या एकेकदा तोलून लिहून काढल्या की काम झालं. पुढे तेलाचं मोजमाप तेवढं चालू ठेवा.

दोष सापडल्यावर काय बदलायचं

अर्धा किलो भाजीला मोहरी-जिरं तडतडायला १०–१५ ग्रॅम तेल पुरतं. मोठ्या कढईच्या तळाला ते पसरून जातं आणि मोहरी कोरडी राहते, म्हणून तेल ओतलं जातं. छोट्या कढल्यात फोडणी करा, म्हणजे तेवढ्यात मोहरी बुडते.

दुधी, दोडका, कोबी, तोंडली, फरसबी यांना तेल वाढवायची गरजच नाही. कढईवर खोलगट ताट झाका आणि ताटात पाणी ओता. आतली वाफ ताटाला लागून परत भाजीत पडते, भाजी लागत नाही. मधे हवं तर ताटातलंच गरम पाणी दोन चमचे आत सोडा.

भेंडीचं वेगळं आहे. तिथे तेल ओतलं जातं ते तार सुटते म्हणून. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी पुसा, मग चिरा, रुंद कढईत मोठ्या आचेवर झाकण न ठेवता आधी कोरडीच परता, दोन आमसुलं टाका, आणि तार गेल्यावर वरून फोडणी द्या. मीठ शेवटी. ४५ ग्रॅम तेलाची भाजी १५ ग्रॅममध्ये होते. कूटही वगळलं तर वरच्याच भेंडीचे ७५० वरून ३१० होतात.

डबा, खानावळ, कँटीन

इथे मोजता येत नाही, अंदाजच करावा लागतो, आणि तो वरचाच धरावा. सुक्या भाजीच्या एका वाटीला १५ ग्रॅम, रश्श्याच्या किंवा पंजाबी ग्रेव्हीच्या भाजीला २० ते २५ ग्रॅम तेल धरा. डबा थोडा तिरका ठेवून साचलेलं तेल झाकणात काढून टाकलं तरी काही ग्रॅम वाचतात. आठवड्यातून पाच दिवस बाहेरचाच डबा असेल, तर निदान भाजी घरून न्या आणि पोळ्या बाहेरच्या घ्या.

भाजीच कमी केली असेल तर

आकडा खाली ठेवण्यासाठी भाजी कापणं हा या हिशेबातला सगळ्यात तोट्याचा व्यवहार आहे. २०० ग्रॅम दोडका सोडून वाचतात ३५ कॅलरी, आणि त्याबरोबर पोट भरणारं पाणी आणि तंतू जातात. मग भूक पोळीवर किंवा चिवड्यावर भागते. दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाजी (बटाटा आणि कंद सोडून) हे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटातलं प्रमाण पकडा. आधी फार कमी खात असाल तर दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणी वाढवा, नाहीतर पोट फुगतं. काकडी किंवा कोबी पचवायला त्यांच्यातल्या कॅलरींपेक्षा जास्त खर्च होतात, हे मात्र खरं नाही. कमी आहेत, उणे नाहीत.

रस काढून पिणं वेगळं. गाजर-बिटाच्या रसात साखर राहते आणि चोथ्याबरोबर तंतू जातात. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही पुढे जाऊ नका. कडू दुधीतल्या विषारी द्रव्याने उलट्या, जुलाब आणि रक्तस्राव होतो, जीवही जाऊ शकतो. प्यायल्यानंतर असा त्रास सुरू झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

कुठे थांबायचं आणि कुणाला विचारायचं

तेल तोलून, कूट-खोबऱ्यासह प्रामाणिक नोंद चार आठवडे केली आणि तरीही साप्ताहिक सरासरी हलली नाही, तर आणखी कॅलरी कापू नका. डॉक्टरांना भेटा. थायरॉइड, पीसीओएस (बायकांमधला अंडाशय आणि संप्रेरकांचा बिघाड), काही औषधं (स्टेरॉइड, काही मानसोपचाराच्या गोळ्या) यांमुळे वजन अडकतं किंवा वाढतं. कोणत्या तपासण्या करायच्या ते डॉक्टर ठरवतील. औषध आपल्या मनाने बंद करू नका.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधीच डॉक्टरांशी बोला, कारण डोस तोच राहून खाणं घटलं की साखर खाली येते. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना कळवा. मोजण्याची सोय हाताशी नसेल तरी साखर आधी घ्या.

किडनीच्या आजारात भाज्या वाढवणं आपल्या मनाने करायचं नाही. पालक, टोमॅटो, बटाट्यातलं पोटॅशियम तिथे धोक्याचं ठरू शकतं. वॉरफरिन हे रक्त पातळ करण्याचं औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या अचानक वाढवू किंवा तोडू नयेत. त्यांतल्या व्हिटॅमिन के मुळे औषधाचा परिणाम बदलतो.

दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पाय सुजले, दम लागतो आहे, तर तो कॅलरींचा प्रश्न नाही. त्याच दिवशी दाखवा. प्रयत्न न करता वजन उतरत चाललं असेल तरीही दाखवा.

बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १८.५ च्या खाली असेल तर वजन उतरवायचंच नाही, आणि २३ च्या आत असेल तर उतरवायची गरज आहे का हे आधी विचारून घ्या. बाईने दिवसाला १२०० च्या खाली देखरेखीशिवाय जाऊ नये. पाळी थांबली, केस मूठभर गळायला लागले, न मोजलेलं काही खायची भीती वाटते, जेवण लपवलं जातं किंवा ओकून काढलं जातं, यांपैकी काहीही दिसलं तर काटा आणि ॲप दोन्ही त्याच दिवशी बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. घरातल्या कुणाच्या बाबतीत दिसलं तर त्यांच्या ताटावर बोलू नका, त्यांच्याबरोबर जा.

आहारतज्ज्ञांकडे जाताना ॲपचे स्क्रीनशॉट नेण्यापेक्षा चार गोष्टी न्या: चार आठवड्यांच्या वजनाच्या सरासऱ्या, तीन महिन्यांचं तेल-तुपाचं बिल आणि घरात रोज जेवणाऱ्यांची संख्या, नेहमीच्या पाच भाज्यांचं तोललेलं साहित्य, आणि चालू असलेल्या औषधांची यादी.